भाऊकाकांचं राहून गेलेलं जंगल

आमच्या लेस्टरच्या भाऊकाकांना कुणी युगांडाबद्दल विचारलं की ते दोन गोष्टी हमखास सांगत. एक म्हणजे कबालेची थंडी. "आफ्रिकेत स्वेटर घालून शाळेत शिकवत होतो" असं म्हटलं की समोरच्याचा विश्वास बसायचा नाही, आणि मग त्यांना गोष्ट रंगवायला उत्साह यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे, गोरिला बघायचे राहून गेले. आठ वर्षं त्या मुलखात काढली, डोंगरापलीकडे गोरिला आहेत हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं, पण प्रत्येक सुट्टीत काहीतरी निघायचं. "घराजवळ आहे, कधीही जाऊ" असं म्हणता म्हणता १९७२ साल उजाडलं.

भाऊकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचे वडील रेल्वेत कारकून म्हणून नैरोबीला गेले आणि काकांचा जन्म तिथलाच, त्यामुळे पासपोर्ट ब्रिटिश. शिक्षणासाठी मात्र त्यांना पुण्याला पाठवलं होतं. बी.एस्सी., बी.एड. करून, सांगलीच्या काकूंशी लग्न करून ते १९६४ मध्ये मुंबईहून बोटीने मोंबासाला आणि तिथून रेल्वेने कंपालाला गेले. युगांडा स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि गणिताचे मास्तर हवेच होते. नेमणूक झाली ती नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या कबालेला. काका २०१९ मध्ये गेले. आमची धाकटी पंधरा वर्षांची झाली की तिथे जायचं, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. (पंधरा का? तर त्याखालच्या मुलांना गोरिलांजवळ नेत नाहीत. मुलांच्या सर्दी-पडशाचा आणि गोवराचा धोका गोरिलांना जास्त, म्हणून.) शेवटी २०२३ च्या जूनमध्ये योग आला. जाण्यापूर्वी वर्षभर जे मिळेल ते वाचत होतो, त्यामुळे या लेखात प्रवासापेक्षा इतिहासच जास्त येणार आहे. सिंह-हत्तींचे फोटो बघायचे असतील त्यांनी घरी चहाला यावं.

डोंगरी गोरिला जगातल्या दोनच ठिकाणी उरले आहेत. एक ब्विंडीचं जंगल, आणि दुसरं त्याच्या दक्षिणेला, युगांडा, रवांडा आणि काँगो यांच्या सीमेवर उभी असलेली विरुंगा ज्वालामुखींची रांग. गोरिला ही मोठी वानरं आफ्रिकेत आहेत हे युरोपला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होतं, पण ती पश्चिमेकडची, सखल जंगलातली. डोंगरावरच्या गोरिलांची नोंद झाली १७ ऑक्टोबर १९०२ रोजी. जर्मन पूर्व आफ्रिकेतला एक अधिकारी, कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे, साब्यिन्यो नावाचा डोंगर चढत होता. साब्यिन्यो म्हणजे म्हाताऱ्याचे दात, आणि किसोरोच्या रस्त्यावरून पाहिलं की नाव अगदी पटतं. वर त्याला काळ्या मोठ्या वानरांचा कळप दिसला. त्याने दोन मारली. त्यातलं एकच दरीतून काढता आलं. सांगाडा बर्लिनला गेला, तिथल्या पाउल माट्शी या शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये ही वेगळी जात म्हणून जाहीर केली आणि नाव दिलं 'बेरिंगेई'. ज्याने गोळी घातली त्याचंच नाव! शास्त्राच्या पुस्तकात ते आजही तसंच आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षं गोरिला म्हणजे शिकारीतली मोठी ट्रॉफी. १९१० मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि बेल्जियम यांनी ब्रसेल्समध्ये बसून या भागाच्या सीमा पक्क्या केल्या आणि डोंगर तिघांत वाटले गेले. गोरिलांना अर्थातच कुणी कळवलं नाही. मग १९२१ मध्ये कार्ल अेकली आला. हा अमेरिकन माणूस न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी प्राण्यांच्या कातड्यांपासून हुबेहूब प्राणी उभे करायचा. त्या कलेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरुणपणी त्याने अंगावर आलेल्या बिबळ्याला नुसत्या हातांनी मारलं होतं. असा गडी. म्युझियमसाठी पाच गोरिला मारून झाले आणि त्याचं मन उलटं फिरलं. हे असंच चाललं तर काही वर्षांत एकही उरणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने बेल्जियमच्या अल्बर्ट राजामागे लकडा लावला आणि २१ एप्रिल १९२५ रोजी काँगोच्या बाजूला अल्बर्ट नॅशनल पार्क जाहीर झालं. आफ्रिकेतलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. पुढच्याच वर्षी अेकली परत तिथे आला, तापाने आजारी पडला आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये मिकेनो डोंगराच्या उतारावर वारला. त्याला तिथेच पुरलं. त्याने मारलेले गोरिला न्यूयॉर्कच्या काचेमागे अजून उभे आहेत, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेही असतील.

ब्विंडीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. ब्रिटिशांनी १९३२ मध्ये तिथले दोन तुकडे राखीव केले ते लाकडासाठी, आणि १९४२ मध्ये एकत्र जोडले. नाव पडलं 'इम्पेनेट्रेबल फॉरेस्ट', ज्यात शिरता येत नाही असं रान. मी आजवर या नावाला जाहिरात समजत होतो.

आता किसोरो. कबालेहून ऐंशीएक किलोमीटर, मध्ये कनाबाची खिंड. काकांच्या वेळी कच्चा घाट होता, आता डांबरी रस्ता आहे. या गावात 'ट्रॅव्हलर्स रेस्ट' नावाचं छोटं हॉटेल आहे आणि माझ्या मते गोरिला पर्यटनाचा इतिहास तिथे सुरू होतो. वाल्टर बाउमगेर्टेल नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९५५ मध्ये ते चालवायला घेतलं. गोरिला मारायला नव्हे, नुसते बघायला लोक पैसे देतील, ही कल्पना त्या काळात त्यांनी धरली. गोरिला समोर येत नसत, पाहुणे चिखल तुडवून हात हलवत परत येत. मग बाउमगेर्टेल यांनी शास्त्रज्ञांना पत्रं लिहायला सुरुवात केली, की कुणीतरी येऊन या प्राण्याचा अभ्यास करा. लुई लीकी यांनी १९५६ मध्ये आपल्या सेक्रेटरी रोझली ऑस्बर्न यांना पाठवलं, त्यांच्यामागून जिल डॉनिस्थॉर्प आल्या. या दोघींची नावं आज फारशी कुणाला माहीत नाहीत. तिसरं नाव मात्र मोठं झालं, जॉर्ज शॅलर. १९५९-६० मध्ये हा तरुण बंदूक न घेता गोरिलांच्या समोर नुसता बसून राहिला. लपून नव्हे, दिसेल असा. गोरिला हा राक्षस नसून पानं खाणारा, लाजाळू, कुटुंबवत्सल प्राणी आहे, हे जगाला त्याने सांगितलं. मोजणी कशी करायची हेही त्याच्याकडून शिकण्यासारखं होतं. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करतात, सकाळी सोडून जातात. सकाळची घरटी मोजली की कुटुंब मोजलं. विरुंगामध्ये तेव्हा चारशे ते पाचशे गोरिला असावेत असा त्याचा अंदाज होता.

काका कबालेला पोचले तेव्हा हे सगळं ताजं होतं. बाउमगेर्टेल १९६९ मध्ये युगांडा सोडून गेले, त्याआधी एकदा काका-काकू त्या हॉटेलात चहा पिऊन आल्याचा एक कृष्णधवल फोटो आहे. काकू नऊवारीत नाही पण चांगल्या काठाच्या साडीत, अंगात पुरुषी कोट, आणि मागे ढगात बुडालेला मुहाबुरा. १९६७ मध्ये डायन फॉसी काँगोतल्या धामधुमीतून निसटून याच हॉटेलात आली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला तिने रवांडाच्या बाजूला करिसोके हे आपलं ठाणं मांडलं. काकांना त्या 'एकट्या अमेरिकन बाई'बद्दल गावात ऐकल्याचं आठवत असे. पुढची कथा तिच्या पुस्तकामुळे आणि १९८८ च्या सिनेमामुळे आपल्याला माहीत आहे. तिच्या लाडक्या डिजिटला १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिचा स्वतःचा खून झाला. सिनेमात शिकारी दिसतात, पण एक गोष्ट नीट दिसत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रवांडातल्या उद्यानाचं सुमारे १०,००० हेक्टर जंगल तोडून तिथे पायरेथ्रमची शेती लावली गेली. म्हणजे युरोपातल्या घरांत कीटक मारायच्या औषधासाठी फुलं! १९८१ च्या मोजणीत विरुंगामध्ये २५४ गोरिला उरले होते.

दरम्यान युगांडात काय झालं ते आपल्या लेस्टर, वेम्ब्लीच्या मंडळींना मी काय सांगावं? ऑगस्ट १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. काका-काकू ऑक्टोबरमध्ये निघाले. कबाले ते एंटेबे या रस्त्यात सैनिकांनी किती वेळा गाडी थांबवली याचा काकूंचा आकडा दर वेळी वेगळा असतो, पण प्रत्येक नाक्यावर ट्रंका उघडायला लावल्या हे दर वेळी तेच असतं. काकांची लॉगरिदमची वहीसुद्धा एकाने सांकेतिक लिपी समजून काढून घेतली. स्टॅन्स्टेडला उतरले, सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलच्या छावणीत राहिले आणि मग लेस्टरला आले. 'लेस्टरला येऊ नका' अशी जाहिरात लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती. काका म्हणत, "त्या जाहिरातीमुळेच तर गावाचं नाव कळलं!"

अमीनच्या राजवटीत आणि १९७९ च्या युद्धात युगांडातल्या वन्यजीवांची दैना झाली. सैनिकांनी मशीनगनने हत्ती मारले. गेंडे तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संपलेच. २००५ मध्ये झिवा इथे ते पुन्हा आणून वाढवायला लागले. क्वीन एलिझाबेथ पार्कचं नाव अमीनने रुवेंझोरी पार्क केलं, मर्चिसन धबधब्याचं कबालेगा केलं. नावं नंतर परत आली. हत्तींना यायला मात्र फार वेळ लागला. आम्ही इशाशाच्या बाजूने दोन दिवस काढले तेव्हा हत्तींचे मोठे कळप दिसले. ड्रायव्हर-गाईड म्हणाला, त्याच्या वडिलांनी तरुणपणी इथे महिनोन् महिने एकही हत्ती पाहिला नव्हता.

ब्विंडीत त्या काळात करवतीवाले आणि सोनं शोधणारे घुसले होते. खड्डा खणून, एक माणूस खाली एक वर, अशा लांब करवतीने मोठाले वृक्ष कापून नेत. १९८६ पासून टॉम ब्युटिन्स्की वगैरे संशोधकांनी तिथे काम सुरू केलं, १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं, १९९३ च्या एप्रिलमध्ये मुबारे नावाच्या कळपाकडे पहिले पर्यटक गेले आणि १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. सगळं सुरळीत होतंय असं वाटत असताना १ मार्च १९९९ रोजी काँगोतून आलेल्या रवांडन बंडखोरांनी बुहोमाच्या तळावर हल्ला केला. आठ परदेशी पर्यटक आणि उद्यानाचा एक युगांडन अधिकारी मारला गेला. आजही आपल्यासोबत रायफलवाले रेंजर चालतात, ते फक्त जंगली हत्तींसाठी नव्हे.

आम्हाला परमिट मिळालं होतं दक्षिणेकडच्या रुशागा विभागाचं. माणशी ७०० डॉलर (२०२४ च्या जुलैपासून ते ८०० झालं). "एका तासाचे तिघांचे एकवीसशे!" हे वाक्य आमच्या सौ.नी हीथ्रोपासून बरंच जपून ठेवलं होतं. सकाळी सूचना झाल्या. कुणाला सर्दी-ताप असेल तर आताच सांगा, तोंडावर मास्क, दहा मीटर अंतर, एका कळपाला दिवसात आठच माणसं आणि एकच तास. मोज्यांत पँट खोचा, असंही सांगितलं. मी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि सफारी मुंग्यांनी मला पहिल्या अर्ध्या तासात शहाणा केला.

ट्रॅकर पहाटेच पुढे गेले होते. कालची घरटी शोधायची, तिथून आजचा माग काढायचा. आम्ही तीन तास चढत-उतरत होतो. पायाखाली जमीन नाहीच, वेलींची गादी, कुठे पाय गुडघ्यापर्यंत आत जाईल सांगता येत नाही. वृक्ष-नेचे डोक्याच्या वर. सौ.नी एका स्थानिक मुलीला सामान उचलायला घेतलं होतं, प्रत्यक्षात त्या मुलीने सामानाबरोबर सौ.नाही वर नेलं. गाईडने एका जागी हात वर केला आणि घशातून खोल, ढेकर दिल्यासारखा आवाज काढला. "आम्ही आहोत, काळजी करू नका" असा त्याचा गोरिलांच्या भाषेत अर्थ. झुडपातून तसंच उत्तर आलं.

त्या तासाबद्दल लिहायला मला जमणार नाही. सिल्व्हरबॅक पाठ करून बसला होता, दुपारच्या जेवणानंतर ओट्यावर बसलेल्या आजोबांसारखा. एक पिल्लू वेलीवरून त्याच्या पाठीवर पडलं, त्याने मागे न बघता एका हाताने ते बाजूला केलं. मुलीने फोन बाहेर काढला आणि नंतर तिच्या लक्षात आलं की तिने फोटो काढलेच नव्हते.

परतताना गाईडने बुजगावण्यांची हकीकत सांगितली. १९९६ मध्ये ब्विंडीच्या गोरिलांचे केस गळू लागले, अंगावर पांढरे चट्टे आले. युगांडाच्या पहिल्या वन्यजीव-पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका तपासायला आल्या. निघाली खरूज. गोरिला कडेच्या शेतांत केळी खायला जात, तिथे बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या मळक्या कपड्यांतून ती आली असावी असा निष्कर्ष निघाला. एक पिल्लू गेलं, बाकीचे औषधाने वाचले. डॉक्टरांनी ओळखलं की माणसांची खरूज बरी केल्याशिवाय गोरिलांची होणार नाही. पुढे २००३ मध्ये त्यांनी गावांच्या आणि गोरिलांच्या आरोग्याचं काम एकत्र करणारी संस्था काढली. १९९६ च्या कायद्याने उद्यानाच्या प्रवेश-फीचा २० टक्के भागही आजूबाजूच्या गावांना मिळू लागला. ब्विंडीत १९९७ मध्ये सुमारे ३०० गोरिला होते, २०१८ च्या मोजणीत ४५९ भरले. विरुंगामध्ये २०१५-१६ मध्ये ६०४. सगळे मिळून १,०६३. जगातला हा एकच मोठा वानर, ज्याची संख्या वाढते आहे. (२०२० मध्ये कोविडने पर्यटक बंद होताच रफिकी नावाच्या प्रसिद्ध सिल्व्हरबॅकला एका शिकाऱ्याने भाल्याने मारलं. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली.)

इथे लेख संपवता आला असता. पण दुसऱ्या दिवशी आम्ही किसोरोजवळच्या म्गाहिंगा उद्यानात बात्वा लोकांसोबत चाललो. बात्वा हे या जंगलातले मूळचे रहिवासी, शिकार आणि मध यांवर जगणारे. १९९१ मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली तेव्हा त्यांना जंगलाबाहेर काढलं. शेती त्यांची नव्हतीच, त्यामुळे कागदावर त्यांचं काही नव्हतं, आणि ज्याचं कागदावर काही नाही त्याला भरपाई कसली? बहुतेक जण दुसऱ्यांच्या शेताच्या बांधावर मजूर म्हणून राहू लागले. २०२१ मध्ये युगांडाच्या कॉन्स्टिट्यूशनल कोर्टाने बात्वांच्या बाजूने निकाल दिला, सरकार त्यावर अपिलात गेलं. आता तेच लोक पाहुण्यांना दाखवण्यासाठी, परवानगी घेऊन, आपल्याच जंगलात येतात. लाकडावर लाकूड घासून विस्तव करून दाखवतात. शेवटी गरामा नावाच्या गुहेत नेऊन, अंधारात, बायका गाणं म्हणतात.

बाहेर आल्यावर एका वृद्ध बाईंच्या शेजारी मी बसलो. गाईड मध्ये भाषांतर करत होता. तुम्ही 'मुहिंदी', म्हणजे हिंदुस्थानी, इथे कसे, असं त्यांनी विचारलं. मी भाऊकाकांची गोष्ट सांगितली. कबालेची शाळा, नव्वद दिवस, ट्रंका. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्येच हुंकार देत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि गाईड जरा घुटमळला.

"त्या म्हणतात, तुमच्या लोकांना नंतर परत बोलावलं ना?"

खरंच होतं ते. १९९० च्या दशकात मुसेवेनी सरकारने आशियाई लोकांना परत बोलावलं, अनेकांच्या जप्त केलेल्या मालमत्ताही परत केल्या. कंपालाच्या रस्त्यांवर आज पुन्हा आपल्या लोकांची दुकानं आहेत. आपली चपाती तर कधी गेलीच नव्हती, अंड्याचं ऑम्लेट गुंडाळून 'रोलेक्स' या नावाने ती कोपऱ्याकोपऱ्यावर विकली जाते. मी "हो" म्हणालो. बाई हसल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बाकीच्या बायकांबरोबर फाटकाकडे निघाल्या. पाच वाजले होते, पाचनंतर त्यांना आत थांबता येत नाही, असं गाईड म्हणाला.

मी ज्या तासासाठी ७०० डॉलर मोजले तो तास या लोकांना बाहेर काढून तयार झाला आहे, हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं. ते जंगल राखलं नसतं तर आज ४५९ चे किती उरले असते, हेही माहीत आहे. मेळघाटातून कोरकूंची गावं हलवली तेव्हा पुण्यात आमच्या घरी यावर कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि मी वाघांच्या बाजूने होतो. आज ते भांडण पुन्हा झालं तर मी तितक्या जोरात बोलेन असं वाटत नाही.

परतीच्या वाटेवर कबालेत काकांची शाळा शोधली. इमारत नवी, पण मागची निलगिरीची रांग जुन्या फोटोतली असावी. लेस्टरला आल्यावर काकूंना सगळे फोटो दाखवले. गोरिलाच्या फोटोपाशी (मी काढलेला, जरा हललेला) त्या बराच वेळ थांबल्या. मग टॅब्लेट माझ्या हातात देत म्हणाल्या, "थंडी होती का रे कबालेला? स्वेटर नेला होतास ना?"